दुपट्ट्यातली मुलगी

तेव्हा आम्ही उमरेड रोडला लागूनच राहायचो. कोळशाचे ट्रक आणि एसटी गाड्या त्या रस्त्यानं अशा सुटायच्या, की पलीकडच्या पानठेल्यावर जायचं तरी मी देवाचं नाव घेऊन निघायचो. आणि शाळेची बस थांबायची ती नेमकी पलीकडेच. मुलगी पहिलीत गेली आणि माझी झोप उडाली.

"सगळ्यायची पोरं जाते, तुमालेच काहून एवढी धडकी भरून राहिली?" बायको म्हणायची. पण मी पडलो मास्तर. मास्तराला काळजी वाटली की तो नियम करतो.

मीही केले. माझ्या हातात हात आल्याशिवाय बसमधून उतरायचं नाही. ड्रायव्हरचं लक्ष उडतं, म्हणून बसमध्ये ओरडायचं नाही. रस्ता ओलांडताना तर अवाक्षर काढायचं नाही. पोरगी हे सारं पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. रोज सकाळी बसच्या दारात उभा राहून मी तेच इतर मुलांनाही ऐकवायचो, म्हणजे सगळ्या बसला माझे नियम पाठ. दुपारी तिला उतरवून घ्यायलाही मीच जायचो, कारण एवढं जोखमीचं काम दुसऱ्या कोणाला जमेल यावर माझा विश्वास नव्हता.

एप्रिल लागला. नागपूरच्या उन्हात दुपारी कोणाला चेहरा नसतो. डोकं, कान, नाक, सगळं पांढऱ्या दुपट्ट्यात, उघडे फक्त डोळे. मीही तसाच, वर काळा चष्मा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. बस आली. दारात दुपट्ट्यातले दोन डोळे दिसले, खाली शाळेचा निळा फ्रॉक. मी हात धरला, उतरवलं, ट्रक जाऊ दिले आणि निघालो.

"पण..." मुलगी म्हणाली.

"चूप राय! रस्त्यात बोलायचं नाही, सांगितलं न?"

पलीकडे पोचल्यावर तिनं दुपट्टा हनुवटीखाली ओढला. "काकाजी, माहं घर इथं नाही न. पुढच्या थांब्यावर हाय."

वर्गातली साठ कार्टी मी पाठमोरी ओळखायचो, आणि पोटची पोर मला ओळखता आली नव्हती! बस तर दिसेनाशी झाली होती. माझी पाचावर धारण बसली. माझी पोर कुठं उतरली असेल? मला शोधायला एकटीच रस्त्यात आली तर? घरून सायकल काढली, त्या पोरीला कॅरियरवर बसवलं आणि उन्हातान्हात पायडल मारत सुटलो. दुपट्टा सुटून मागं फडफडत होता.

"काकाजी, डाव्या बाजूनं चालवा न," मागून आवाज आला. मी खरंच चुकीच्या बाजूनं चाललो होतो.

पुढच्या थांब्यावर बस उभीच होती. ड्रायव्हर खाली उतरून आमचीच वाट पाहत होता. "काय गुरुजी, सोताची पोरगी ओळखू येत नाई का तुमाले?"

कॅरियरवरची पोर उडी मारून थांब्याजवळच्या घरात पळाली. मी बसमध्ये चढलो. माझी मुलगी दारामागच्या सीटवर दप्तर छातीशी धरून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. रडत मीच होतो, आणि ड्रायव्हरला सांगत होतो की घाम आहे.

"ओरडली काहून नाही तू?"

"तुमीच त सांगतलं, ओरडायचं नाही. मी हात पुढं करून उभी होती, बाबा. तुमी तिचा धरला."

रागवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. एवढ्याशा जिवाला मी घाबरायचं कसं ते सोडून सगळं शिकवलं होतं, आणि स्वतः मात्र तेवढंच करत आलो होतो. मी तिला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग तिला उतरवून घेतलं. सायकल धरून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो; ट्रक काही संपेनात. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तशी ती बसच्या दारापाशी परत गेली आणि हात वर करून म्हणाली, "थांबा न काकाजी. आमच्या बाबाले पहिले रस्ता पार करून घेऊ द्या."