जरा सावळी करा

कोरेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्थळासाठी मुलीचा फोटो काढायला आलेले आईबाप हमखास सांगतात, "जरा उजळ करा." उलटं सांगणारी एकच बाई आली. तिनं पिशवीतून जुना फोटो काढला, पदरानं पुसला.

"ही माजी आय. लगीन जमवायला आज्यानं फोटोत गोरी करून घेतली. आय जाऊन लय वर्सं झाली, दुसरा फोटो न्हाई. ह्यात मलाच वळखू येईना. जरा सावळी करा."

"किती?"

तिनं बांगड्या मागं सारून मनगट फोटोशेजारी ठेवलं. "एवढी. माज्यावानीच व्हती."

मी कॉम्प्युटरवर चेहरा हळूहळू गडद करत गेलो. ती पडद्याकडं टक लावून बसली होती. मधेच तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि पुटपुटली, "आलीस व्हय गं, आये?"