धुतलेले दगड

नळाखाली पारूबाई काथ्याने दगड घासत होत्या. जुन्या धान्यबाजाराची कमान आम्ही उतरवली होती. ती जशीच्या तशी पुन्हा उभारून आत वाचनालय करायचं होतं. प्रत्येक दगडावर खडूने आकडा घातला होता. रंगाने दगड खराब होतो, म्हणून खडूच वापरायचा, हा आग्रह माझाच.

"बघा मॅडम, कुणी पोरांनी गिरगटून ठेवलं होतं. सगळे लख्ख केले. ह्यो शेवटचा."

माझ्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे त्या दगडाची जागा लिहिलेली होती. वही बरोबर होती, दगडही सगळे होते. कोणता कुठला, हे मात्र आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. फोटोंवरून चार-दोन जुळतील. बाकीचे झिजून एकसारखे झालेत. इतकी वर्षं मला वाटायचं, जुन्या इमारती हयगयीने जातात. पारूबाईंनी तर एक कोपरा सोडला नव्हता.

"का हो मॅडम? नीट नाही निघालं का?"

"छान निघालंय."

"मग हे कुठं रचू?"

एरवी मी प्रत्येक विटेची जागा आखून देते. म्हटलं, "ठेवा कुठंही."