इवाईसोबत रानात तगण्याची शिकवणी

आमच्या ऋचाचं लग्न ठरलं होतं आणि ठरलंही नव्हतं. मुलगा, निखिल, आम्हाला पसंत होता. आम्ही त्याच्या घरच्यांना पसंत होतो. पण दोन्ही घरांच्या तीन बैठका होऊनही लग्न कसं करायचं ते काही ठरेना. आम्ही प्रताप नगरातले मुळे, ते जरीपटक्याचे गजभिये. आमच्याकडे मंगलाष्टकं, त्यांच्याकडे बौद्ध पद्धतीनं त्रिशरण-पंचशील. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "तुम्ही म्हणाल तसं." प्रत्येक वेळी निखिलचे वडील म्हणायचे, "छे छे, तुम्ही म्हणसान तसं." मग पोहे खाऊन मंडळी घरी जायची.

शेवटी पोरांनी परस्पर एक उद्योग केला. कोंढाळीच्या पुढे, रानाला लागून असलेल्या एका शेतावर दोन दिवसांचं शिबिर असतं. जंगलात अडकलात तर जीव कसा राखायचा, पिशवीत काय ठेवायचं, विस्तव, पाणी, निवारा, असं सगळं शिकवतात. त्यात दोघा बापांची नावं टाकून दोघं मोकळे झाले. "बाबा, एकमेकांशी बोला तरी," ऋचा म्हणाली. माझा जंगलाशी संबंध म्हणजे अंबाझरीच्या बागेतली सकाळची फेरी. तरी निघालो.

शनिवारी सकाळी गजभियेजी गाडी घेऊन हजर. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, विहिणीला इनबाई, आणि इवाई म्हटला की मानपान आला. मी मागे बसू लागलो, ते म्हणाले पुढे बसा. मी म्हणालो, गाडी मी चालवतो, तुम्ही आराम करा. पाच मिनिटं फाटकाशीच गेली. वाडी गावापर्यंत ट्रकांच्या मागे रांगत गेलो आणि तिथे तर्री-पोहे आणि भजी खाल्ली. जाणार असाल तर वाडीतच पोटभर खाऊन घ्या, कारण शिबिरात नाश्ता तुम्हीच पेटवलेल्या चुलीवर होतो. आमच्या बशीत एक भजं उरलं. ते आम्ही एकमेकांकडे सरकवत राहिलो. शेवटी गार होऊन ते तिथेच राहिलं.

कोंढाळीपर्यंत रस्ता झकास आहे. पुढे डावीकडे वळल्यावरचा शेवटचा तुकडा कच्चा, लहान गाडी जाते पण दमानं. फी माणशी अठराशे, जेवण धरून. तंबू मिळत नाही, निवारा आपणच बांधायचा.

शिकवायला कोमल नावाची तिशीतली मुलगी होती, आवाज असा की शेतापलीकडची गुरं वळून बघावीत. तिनं आधी सगळ्यांच्या पिशव्या ताडपत्रीवर रिकाम्या करायला लावल्या. माझ्या पिशवीतून बायकोनं भरलेला चिवडा, दोन स्वेटर, उशी आणि वाफ घ्यायचं भांडं निघालं. गजभियेजींचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्यांच्या पिशवीतून पक्कड, टेस्टर आणि एक लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड निघाला.

"काका, इथे प्लग कुठे लावणार?" कोमलनं विचारलं.

"असू द्या ना," ते गंभीरपणे म्हणाले. "वेळेवर सापडत नाही."

मग तिनं खरी पिशवी भरून दाखवली. पाणी, शिटी, टॉर्च, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आगपेटी, दोरी, भडक रंगाची ताडपत्री, पट्ट्या, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाकीट, रोजची औषधं. खांद्याला पेलेल एवढंच. हे सगळं घरी असतंच, फक्त एका जागी कधी नसतं.

विस्तवाच्या धड्याला प्रत्येक जोडीला मोजक्या काड्या दिल्या. वाळलेलं गवत, त्यावर बारीक काटक्या, त्यावर जाड लाकूड, अशी रचना आम्ही व्यवस्थित केली. मी काडी ओढली आणि अदबीनं पुढे केली, "पहिला मान तुमचा." ते म्हणाले, "नाही नाही, तुम्ही मोठे." काडी माझ्या बोटापर्यंत आली. दुसरी काडी त्यांनी ओढली आणि मला देऊ केली. तीही गेली. तिसऱ्या काडीला कोमल येऊन उभी राहिली. "काका, हे लग्नघर नाही. ज्याच्या हातात काडी, त्यानं पेटवायचं!" तेव्हा कुठे आमचा चहा झाला.

खरा गोंधळ दुपारी झाला. झाडांना लाल फिती बांधल्या होत्या. त्या शोधत, होकायंत्र वापरत जोडीजोडीनं एक फेरी मारून परत यायचं होतं. दोन फितींपर्यंत ठीक चाललं. मग वाट फुटली. गजभियेजींनी डावीकडे बोट दाखवलं. मी मुकाट्यानं डावीकडे निघालो. सागाची मोठमोठी पानं पायाखाली कुरकुरत होती. बरंच चाललो, पण फीत काही दिसेना. मला शंका आली होती, पण इवाईंना चुकलात कसं म्हणायचं?

शेवटी एका कोरड्या नाल्यात ते थांबले. "मुळेजी, तुम्हाले रस्ता नक्की माहीत आहे ना?"

"मला? तुम्हीच तर डावीकडे बोट दाखवलं!"

"मी पळसावरचं मधाचं पोळं दाखवून राहिलो होतो!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके तरतर चालले होते, मले वाटलं तुम्हाले माहीत असन!"

ऊन उतरायला लागलं होतं आणि फोनला रेंज नव्हती. कोमलनं बजावलं होतं, वाट चुकली की चालणं बंद करा, एका जागी बसा. आम्ही बसलो. शिबिरानं दिलेल्या पिशवीतली केशरी ताडपत्री झुडपावर पसरली, तीन-तीन शिट्या मारल्या, पाण्याचे दोन घोट घेतले. मग मला राहवेना.

"गजभियेजी, खरं सांगा. लग्न कसं व्हावं असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही म्हणसान..."

"परत तेच! अहो, असंच म्हणत म्हणत इथवर आलो आपण!"

ते एकदम उसळले. "तर मग ऐका! आमच्याच पद्धतीनं व्हावं वाटते मले! छप्पन साली माझा बाप आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेला होता. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विधी नाही झाला. आता मी काहून करू?"

"मग तीनदा आमच्या घरी येऊन सांगितलं का नाही?"

"तुम्ही आम्हाले वरपक्ष समजून एवढे वाकून राहिले, तर भांडू कोनाशी?"

"आणि आमच्या घरी मंगलाष्टकांशिवाय मुलगी बोहल्यावर उभी राहत नाही, त्याचं काय?"

"मंगलाष्टकं! मंगलाष्टकं तुले पाहिजे का तुझ्या बायकोले, ते तरी माहीत आहे का गा तुले?"

ते 'तू' वर आले होते हे त्यांच्याही लक्षात आलं. आणि खरं सांगायचं तर मी बायकोला विचारलंच नव्हतं. तेवढ्यात झुडपात खसखस झाली. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी माझा. एक रोही, म्हणजे नीलगाय, बाहेर आली, आमच्याकडे तुच्छतेनं बघून निघून गेली. तिच्यामागून कोमल आली.

"शिटी ऐकू आली का?" मी विचारलं.

"पुसट. पण 'मंगलाष्टकं' स्पष्ट ऐकू आलं," ती म्हणाली. "दोनदा."

रात्री आम्हीच बांधलेल्या वाकड्या निवाऱ्यात, एकुलत्या उशीवर गजभियेजी न विचारता डोकं ठेवून घोरले. रविवारी दुपारी कोंढाळीची संत्री घेऊन परतलो. येताना गाडीत निम्मा वेळ गप्पा आणि निम्मा वेळ वाद.

घरी आल्या आल्या बायकोला मंगलाष्टकांचं विचारलं. ती म्हणाली, "हवीतच. आईनं मला शिकवलीत, मलाच म्हणायची आहेत. पण तुम्ही कधी विचारलंत?" मी तिथल्या तिथे फोन लावून जसंच्या तसं सांगितलं. मग गजभियेजी म्हणाले, "बरं झालं सांगितलं. रविवारी जेवायले या. मटण करतो. जेवलो की भांडू."

दोन रविवार भांडलो. लग्न त्यांच्या पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यांत होणार. आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात माझी बायको मंगलाष्टकं म्हणणार. "अक्षता मी टाकणार नाही," गजभियेजींनी साफ सांगून ठेवलंय. "पण पहिल्या रांगेत बसीन. आणि इनबाई बेसूर झाल्या, तर तेही सांगीन."

बायको रोज सकाळी रियाज करतेय.