चांदणीबाईची खळ

चांदणीबाईच्या हाताला बारा महिने खळीचा वास यायचा. लग्नाच्या घरी, बाजारात, बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा. कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर चिकट होईपर्यंत शिजवलेली ती खळ तिच्या नखांत कुठेतरी वाळलेली असायचीच. बोलता बोलता ती अंगठ्याने कोरून काढायची. तिच्याबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायचं तर स्वतःबद्दलही सांगावं लागतं, आणि त्यात माझी काही शोभा होत नाही.

वाशीमजवळच्या अनसिंग गावी आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथून वावरं सुरू होतात, तिथे तिचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. मिशनच्या दवाखान्यात ती दाई होती. नोकरी सुटल्यावरही गावातली निम्मी बाळंतपणं तीच करायची. नाव मार्था, पण गल्लीत ते कुणी तोंडात धरलं नाही. दर नाताळात दारावर भलीमोठी कागदी चांदणी टांगायची म्हणून ती चांदणीबाई. मोठ्या दुष्काळात मिशनने रस्त्यावरून उचललेलं ते पोर. आईबाप कोण, जात कोणती, तिलाच ठाऊक नव्हतं. ती ख्रिस्ती होती याचा गल्लीला फार त्रास नव्हता. जात ठाऊक नाही, याचा होता. जात कळली असती तर तिला कुठवर येऊ द्यायचं हे तरी ठरवता आलं असतं.

कागद तिने कधी फेकला नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, चहाच्या पुड्याची पन्नी, आगपेटीवरची चित्रं, जुन्या लग्नपत्रिका, बाभळीत अडकून राहिलेले पतंग, सगळं तिच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन पडायचं. पांढरा कागद मिळाला तर तो ती घरीच रंगवायची. पिवळा हळदीत, निळा निळीत आणि केशरी पळसाच्या फुलांच्या पाण्यात. टाचण्यांच्या जागी बाभळीचे काटे. विकतचं म्हणून काही नसायचं, एक दोऱ्याचं रीळ सोडलं तर. "पैसा घालून तं कोनीबी सजवते," ती म्हणायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. सातवी शिकलेली होते, त्यामुळे आपण सासरच्या माणसांपेक्षा शहाण्या आहोत असा माझा पक्का समज होता. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी ओट्यावर यायची, आणि चांदणीबाई ओट्याच्या खाली, पायरीवर बसायची. तिथेच तिने मला चांदणी शिकवली. बांबूच्या पाच कामट्या एकमेकींत अडकवून एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींची टोकं दोऱ्याने बांधायची आणि मधल्या पाच गाठींत बोटभर काड्या उभ्या करायच्या, म्हणजे तिचं पोट फुगतं. शेवटची काडी बसली की ती चांदणी हातात फिरवून पाहायची. "आता भरली. पाचव्या महिन्याची दिसते," म्हणायची आणि स्वतःच हसायची. मी कागद ओढून ओढून लावायची. "काहून ओढून राह्यली, सूनबाई? सैल लाव. खळ वाळली का कागद आपसुक ताणते." आजही कुठे काही चिकटवायचं झालं की माझा हात तिच्या त्या बोलण्याने सैल पडतो.

तिच्या नाताळच्या झाडाची गंमत सांगितली पाहिजे. दवाखान्यातल्या मड्डमकडे विलायतेहून कार्डं यायची. त्यांवरच्या झाडांवर, छपरांवर, कुंपणांवर पांढरंफेक काही साचलेलं असायचं. तिने कित्येक वर्षं तो कापूसच समजला. मड्डमच्या मुलखात कापसाची झाडं घराएवढी होतात आणि वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून तो असा घरादारावर उडून बसतो, असा तिचा सरळ हिशेब. म्हणून दर नाताळात ती आमच्या वावरातून बोंडं फुटलेली कापसाची एक पऱ्हाटी मुळासकट उपटून आणायची, घासलेटच्या डब्यात माती भरून ती उभी करायची आणि वर पन्नीचे तुकडे लावायची. पुढे मड्डमने ते बर्फ असतं म्हणून सांगितलं. चांदणीबाईने ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षीही पऱ्हाटीच आणली. "थो तिचा बर्फ. आमच्या इकडं देवानं हेच देल्लं," एवढंच म्हणाली.

पऱ्हाटी द्यायला आमचे सासरे कधी नाही म्हणाले नाहीत. तिच्याकडून कागदाच्या वस्तू घ्यायलाही कुणाची हरकत नव्हती. दिवाळीला गल्लीतल्या घराघरावर तिचा आकाशकंदील, गणपतीला तिचं मखर, मारुतीच्या देवळात तिच्या कागदी कड्यांच्या साखळ्या. आमच्या देवघराच्या चौकटीवर तिने कातरलेली कागदी जाळी वर्षभर चिकटलेली असायची. हा निवाडा सासूबाईंचा. मी नवी असताना विचारलं होतं, चालतं का हे? त्या म्हणाल्या, "कागदाले कायचा इटाळ?" गल्लीत त्यांचा शब्द चालायचा.

अन्नाचं मात्र वेगळं होतं. दर नाताळला ती करंज्या, अनारसे आणि शेवेचं ताट घेऊन घरोघर जायची. ताटावर पांढऱ्या कागदाची कातरलेली जाळी, तिच्यात मोर, कमळं आणि मधोमध छोटी चांदणी. सासूबाई हसून ताट घ्यायच्या, रिकामं करून त्यात कोरडे गहू आणि गुळाचा खडा घालून परत द्यायच्या. रीतीत कुठे कमी नाही. मग ते फराळाचं आमची म्हैस खायची. जाळी तेवढी आम्ही भिंतीला लावायचो. गल्लीत सगळ्या घरी हेच. चांदणीबाई कधी विचारत नसे, करंजी कशी झाली होती. बरीच वर्षं मला वाटायचं, तिला ठाऊक नाही.

माझा मोठा मुलगा तिच्याच हातावर जन्मला. पायाळू होता. सबंध दिवस ती माझ्यापाशी बसून होती, आणि पोर बाहेर आलं तेव्हा रडेना. तिने त्याला उलटं धरून पाठीवर चापट्या मारल्या, तोंडातलं बोटाने काढलं, आपल्या तोंडाने त्याच्या तोंडात वारा घातला. मग ते रडलं. बारा दिवस ती आमच्या घरात आत-बाहेर करत होती. सोयरातलं घर, तेव्हा सगळं चालायचं. तेराव्या दिवशी सासूबाईंनी घर सारवून गोमूत्र शिंपडलं, आणि चांदणीबाई न सांगता पुन्हा पायरीवर बसायला लागली. जिच्या श्वासावर माझा मुलगा जगला, तिच्या हातचं मी म्हशीला घातलं. हे मी लिहितेय ते कुणी माफ करावं म्हणून नाही.

मुलगा दोन वर्षांचा झाला त्या वर्षी नाताळच्या आठ दिवस आधी कामट्या तासता तासता ती म्हणाली, "सूनबाई, एक मागू का?"

"मागा ना, मावशी."

"या बड्या दिनाले माह्या घरी येजो. बसून खाजो. ताट मी कोनाच्या घरी नेनार नाई या वर्सी. कोन खाते, कोन नाई, मले का समजत नाई? एक मानूस माह्या घरी जेवलं पायजे. एकच. मंग मी मरायले मोकळी."

मी हो म्हणाले. मुलाच्या जिवाची शपथ घेऊन हो म्हणाले.

नाताळच्या दुपारी मी सासूबाई झोपल्याचं पाहून गेले. ते घर मी पहिल्यांदाच आतून पाहत होते. आढ्यापासून चारी भिंतींपर्यंत हळदी-निळीच्या कागदी साखळ्या, कोपऱ्यात पऱ्हाटी, तिच्यावर पन्नीच्या चांदण्या, जमिनीवर रांगोळी. मधे दोन पाट. एका पाटापुढे कोरी करकरीत पितळी, त्यात करंज्या, पुरी, वांग्याची भाजी. "पितळी नवी हाय. कोनी जेवलेलं नाई तिच्यात," ती म्हणाली. मी पाटावर बसले. करंजी उचलली. खरंच उचलली होती. बाहेरून कुणी हाक मारली नाही, कुणी डोकावलं नाही. तरी ती माझ्या तोंडाशी जाईना. मी ती परत पितळीत ठेवली आणि म्हणाले, "मावशी, आज माहा उपास हाय. ध्यानातच राह्यलं नाई."

त्या सकाळीच मी तिच्या दारावरून वावरात भाकरी नेली होती, आणि परत येताना बोरं खात आले होते. तिने पाहिलं होतं.

तिने पितळीवर जाळीचा कागद झाकला. मग माझा चेहरा पाहून असेल, हसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे. वाईट नको वाटून घेऊ. तुले एक गोठ सांगू? खळ मी माह्याच चुलीवर शिजवतो, माह्याच भाताच्या गंजात. मीठ तेवढं घालत नाई. इतके वर्स माह्या हातचं शिजलेलं तुमच्या देवघराले चिकटून हाय. मारुतीच्याबी देवळात हाय. तुमचा देव काई बाटला नाई. मंग तू कायले भेतं?"

मला बरं वाटावं म्हणून तिने सांगितलं होतं ते. आपल्या आयुष्यातली एकुलती एक गंमत तिने माझ्यापुढे उघडी केली होती.

घरी सासूबाई जाग्या होत्या. "कुठी गेल्ती? तिच्याकडं? खाल्लं का काई?" मी शपथेवर सांगितलं, नाही. त्यांचा विश्वास बसेना. त्या बोलत राहिल्या, मुलाला जवळ येऊ देईनात, आणि माझी चांगलीच तंतरली. तेव्हा स्वतःची सुटका करून घ्यायला मी म्हणाले, "मी कुठी खाल्लं, आत्याबाई? तुमीच तिच्या हातचं शिजलेलं देवघराले लावून ठेवलं." आणि खळीचं सगळं सांगून टाकलं. वर हसलेही.

सासरे ओसरीवरून म्हणाले, "अवं, खळ का कोनी खाते?"

"शिजवलं म्हंजे शिजवलं," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराची जाळी त्यांनी सुरीने खरवडून काढली आणि चौकट शेणाने सारवली. दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं होतं. कुणी दिवाळीपासून टांगलेले आकाशकंदील उतरवले, कुणी भिंतीवरची जाळी, देवळातल्या साखळ्या पुजाऱ्याने काठीने ओढून खाली पाडल्या. सगळं न्हाणीच्या चुलीत गेलं. गल्लीभर रंगीत कागदाची राख उडत होती. चांदणीबाई आपल्या दारात उभी राहून पाहत होती. तिला कुणी कारण सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. ती गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली होती.

त्यानंतर तिचा कागदही कुणी घेईना. दिवाळीला वाशीमच्या बाजारातून विकतचे कंदील यायला लागले. बाळंतपणाला मात्र तिला बोलावणं जात राहिलं आणि ती येत राहिली. पुढच्या वर्षी माझी मुलगी झाली तेव्हाही आली. "दम धर," "आता कळ दे," याखेरीज एक अक्षर माझ्याशी बोलली नाही. तिने माझ्या कपाळावरचा घाम पुसला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिच्या हाताला खळीचा वास नव्हता. साबणाचा होता. मी डोळे मिटून घेतले. मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं कळांनीच.

मुलगी चालायला लागायच्या आधी ती गाव सोडून गेली. दूर कुठे मिशनच्या निराधार बायकांच्या घरात तिची सोय झाली होती. सकाळी बैलबंडी तिच्या दाराशी लागली. पत्र्याची पेटी, वळकटी आणि ती नवी पितळी, एवढाच संसार. गल्लीत तिच्या हातावर जन्मलेली वीसेक पोरं तरी असतील. बंडीमागे ती धावली, कारण बंडीमागे धावायला पोरांना आवडतं. मोठं माणूस एकही बाहेर आलं नाही.

बंडी आमच्या घरापुढे तिने थांबवली. मी ओट्यावर होते. ती खाली उतरली, नेहमीच्या पायरीपाशी आली आणि हातातली वस्तू पायरीवर ठेवली. चांदणी होती, पोट फुगवलेली, दोऱ्याने घट्ट बांधलेली. कागद नव्हता. निव्वळ कामट्या.

"हिले खळ नाई," ती म्हणाली. "तुमाले चालते."

पहिल्यांदाच तिने मला एकटीला तुमी म्हटलं होतं. ती बंडीत जाऊन बसली, पदर सारखा केला आणि मागे वळून पाहिलं नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी दवाखान्यातून कळलं की ती गेली. शेवटी तिच्या घरी कुणी जेवलं का, हे विचारायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

सासूबाई गेल्या, सासरे गेले, त्या घराच्या जागी आता मुलाने पक्कं घर बांधलंय. ती चांदणी माझ्या खोलीत खिळ्याला आहे. दोरा दोनदा बदलला, कामट्या त्याच. मुलगा विचारतो, आई, ही अशी उघडी काय ठेवलीस, कागद लाव की, दिवा सोडू आत. सून तर कागदही घेऊन आली होती, तांबडा, चांगला चकाकणारा. मी तो पेटीत ठेवून दिला. कागद लावायचा तर खळ शिजवावी लागेल, आणि माझ्या हातची खळ त्या कामट्यांना चालेल असं मला वाटत नाही.