भात्यामागचा आसाराम

"वारा कमी पडला तर माझं नाव घ्या, न्हाईतर घिऊ नका," असं आसाराम एकदा म्हणाला होता.

मोनिका तेव्हा नगरच्या त्या दगडी चर्चमध्ये नुकतीच ऑर्गन वाजवायला लागली होती. ऑर्गनच्या मागे, लाकडी दाराआड बसून, दांड्याने भाता हलवून नळ्यांना वारा पुरवणाऱ्या माणसाचे आभार कसे मानावेत हे तिला कळत नव्हतं. त्याचं बोलणं ऐकल्यावर तिने आभार कधीच मानले नाहीत.

आसाराम मूळचा पाथर्डीकडचा. आईबापाबरोबर राहुरीला ऊस तोडायला आला, एका हंगामात भरलेली गाडी कलंडली, डावा पाय कायमचा अधू झाला. टोळी पुढे गेली, हा नगरच्या दवाखान्यात राहिला. चर्चच्या आवारात झाडलोटीचं काम मिळालं. एका रविवारी भातेवाला आजारी पडला म्हणून ह्याला दांड्याशी बसवलं, आणि तो पस्तीस वर्षं तिथे बसला. ख्रिस्ती झाला नाही; "ख्रिस्ती हो" असं त्याला कुणी म्हटलंही नाही. गावाकडची मढीची जत्रा त्याने चुकवली नाही आणि रविवारही चुकवला नाही.

गाण्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती, वजनं ठाऊक होती. "आज हलकं हाय, बायांचं," तो म्हणायचा. किंवा, "ह्ये लई वारा खातं, बाई. आदी सांगत जा, म्हंजी भाकर जास्त खाऊन येतो."

सगळ्यात जास्त वारा खायचं ते मोठं गाणं. तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत रचलेलं, येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा नुसती उभं राहून गायची. इथल्या लोकांनी ते कधीच मराठीत आणलं होतं. नाताळाच्या आधी ते व्हायचं आणि त्यातलं एक समूहगान लागलं की ऐकणारे सगळे उठून उभे राहायचे. तशी रीतच आहे.

"लोक उठल्याचं मला माघं कळायचं," आसाराम एकदा म्हणाला. "बाकडी करकरायची. गानं म्हंजी नुसती घरघर, भिताडापलीकडच्या लग्नावानी. उठून काय बघत्यात, ते येकदा म्होरं हुभं ऱ्हाऊन बघायचंय."

पुढे भात्याला विजेची मोटर बसली, दांडा नुसता अडीनडीला राहिला. त्याचे हात मोकळे झाले, पण तोवर गाणारे पांगले, काही वारले, आणि मोठं गाणं थांबलंच. बारा वर्षं गेली. यंदा पुण्याच्या काही गायकांना घेऊन त्याचं नवं रेकॉर्डिंग करायचं ठरलं तेव्हा मोनिका स्वतः आसारामच्या खोलीवर गेली. "मामा, पहिल्या बाकावर बसायचं. जागा धरून ठेवते."

तो इस्त्रीचा सदरा घालून आला. चपला दाराबाहेर काढल्या आणि पहिल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा बसला.

"नवरदेव आलाय गं बाई," गाणाऱ्यांतली साळूबाई म्हणाली. "कडूबाई कुठाय? बायकोला घरीच ठेवलं व्हय?"

"ती म्हनली, माझी सवत हाय ती पेटी, तुमीच जा," आसाराम म्हणाला.

हसणं चाललं असतानाच रेकॉर्डिंग करणाऱ्या राजेश्वरीने कानांवरचे हेडफोन काढले. मोटरचा गुणगुणाट माइकमध्ये येतोय. बंद करता येईल का?

मोनिकाने आसारामकडे बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही. तो सदऱ्याच्या बाह्या दुमडत उठला, लंगडत ऑर्गनला वळसा घालून गेला आणि लाकडी दार लागल्याचा आवाज आला.

समूहगान पहिल्यांदा गायलं तेव्हा लष्कराच्या सरावाचे दोन बार मध्येच उडाले. दुसऱ्यांदा साळूबाईला ठसका लागला. घड्याळात पावणेबारा झाले. बाराला समोरच्या मंगल कार्यालयात बँड सुरू होणार आणि दुपारी पुण्याचे लोक निघणार. "आता शेवटचं," राजेश्वरी म्हणाली. "यात जे होईल ते."

मोनिकाने सुरुवात केली. मोटरच्या वाऱ्याला जीव नसतो, हे ती बारा वर्षांत विसरली होती. आता बोटांखालचे सूर श्वास घेतल्यासारखे उठत होते. सत्तरीचा माणूस मागे दांडा ओढत होता आणि कुठे जोर येणार हे तिच्या आधी त्याच्या हातांना कळत होतं.

अर्ध्यावर एक जागा येते. नुसते मंद, संथ सूर, वारा कमी लागतो. तिथे दार उघडलं.

आसाराम अनवाणी बाहेर आला, तिच्या बाकाजवळून पुढे गेला आणि गाणाऱ्यांसमोर उभा राहिला. मागचे गाणारे दिसावेत म्हणून ऑर्गनवर लावलेल्या आरशात तिला तो पूर्ण दिसत होता. भाता त्याने काठोकाठ भरून ठेवला असणार. भात्यातला वारा दाखवणारा दोऱ्यावरचा शिशाचा गोळा ऑर्गनच्या कडेला, भाता रिकामा होईल तसा, सावकाश वर सरकत होता. वरच्या खुणेला तो पोचला की ऑर्गन कण्हत बसणार, आणि सगळं संपणार.

तिने ओरडायला हवं होतं. निदान मान हलवायला.

तिने डावा हात पट्ट्यांवरून उचलला आणि सुरांच्या नळ्यांची एक खुंटी आत ढकलली. एका रांगेचा वारा बंद. मग दुसरी खुंटी. मग तिसरी. गोळ्याची चाल मंदावली. ऑर्गन बारीक होत होत एका धाग्यावर आला आणि तीस माणसांचे आवाज त्या धाग्यावरून उघडे, मोठे होत वर चढले, छताच्या लाकडापर्यंत. मोनिकाने हे गाणं शेकडो वेळा वाजवलं होतं. ऐकलं नव्हतं.

आरशातला माणूस हलत नव्हता. त्याचे दोन्ही हात मात्र, रिकामे, अगदी थोडे वरखाली होत होते. गाण्यातलं जड काय नि हलकं काय, ते हात अचूक सांगत होते. मग ते थांबले. ऑर्गन का बारीक झाला हे त्याला उमगलं होतं. त्याने वळून आरशात तिच्या डोळ्यांत बघितलं. गोळा खुणेपासून बोटभर खाली होता.

दार लागलं. दांडा करकरला. गोळा झरकन खाली उतरला आणि मोनिकाने तिन्ही खुंट्या ओढल्या.

शेवटचा सूर विरला तसे राजेश्वरीने हेडफोन काढले. ती म्हणाली, "मध्ये ऑर्गन इतका कमी का केलात? असं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"आधी वाटलं, गेलं सगळं. पण काय लागलंय ते!" तिने हेडफोन पुढे केले. "आसाराममामा, तुम्ही ऐका ना. सगळ्यांच्या आधी तुम्ही."

तो दारातून बाहेर आला होता. सदरा पाठीला चिकटलेला. त्याने हेडफोनकडे बघितलं, मग गाणाऱ्यांकडे, एकेका तोंडाकडे, जणू ते अजून गातच होते. मोनिका उठून उभी राहिली.

आसारामने नकारार्थी मान हलवली, "म्होरं हुभं ऱ्हाऊन ऐकलंय म्या," म्हणाला, दुमडलेल्या बाह्या सोडल्या, आणि बाकांच्या दोन रांगांमधल्या वाटेने, पाय ओढत, बाहेर उन्हात निघून गेला.