बेसमेंटमध्ये कोणी आलं नव्हतं

ती केस आजही आठवते, आणि दर वेळी डोळ्यांपुढे आधी येतो तो चहाचा कप. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. कॅनडातल्या किचनरजवळच्या एका पोलीस ठाण्यात मी डिटेक्टिव्ह होते. अख्ख्या ठाण्यात मराठी येणारी मी एकटी, म्हणून फाइल माझ्याकडे आली.

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. नेमबाजीच्या मैदानावर सराव करताना एका मराठी तरुणाच्या हातात रायफल फुटली. दोन बोटं गेली, एक डोळा थोडक्यात वाचला. काडतुसं त्याच्या सासऱ्यांनी घरी भरली होती. वापरलेल्या पितळी नळ्या जपून ठेवायच्या आणि त्यांत बंदुकीची नवी दारू भरून वर नवी गोळी बसवायची, हा इथल्या शिकाऱ्यांचा जुना आणि कायदेशीर उद्योग. सासरे मूळचे वसईचे, कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं घडवण्यात आयुष्य गेलेले. त्यांच्या कामात दोष काढायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, मराठीत. नाव सांगेना.

"अपघात-बिपघात काही नाही. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या पार्टीत म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला होता, या जावयाचा एक दिवस बंदोबस्त करतो."

भांडणाचं कारण खरं होतं. जावयाला ओटावात नोकरी लागली होती आणि तो बायको-मुलाला घेऊन निघाला होता. एकुलती एक मुलगी लांब जाणार, म्हणून सासरे धुमसत होते.

डब्यात उरलेली काडतुसं प्रयोगशाळेने उघडून पाहिली. काहींत दारू दुप्पट होती. सार्जंटच्या मते केस तिथेच संपली. खुनाचा प्रयत्न. अहवालात पुढे आणखी एक ओळ होती: काहींत दारू अजिबात नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"रिकाम्या काडतुसाने कोणी मरत नाही," सार्जंट म्हणाला.

"म्हणूनच विचारते. मारायचं होतं तर ती रिकामी कशाला ठेवली?"

मी अहवालातले आकडे पुन्हा मोजले. एक गोष्ट दिसली. दुप्पट भरलेली काडतुसं रिकाम्यांपेक्षा बरोबर एकाने कमी होती. ते एक मैदानावर फुटलं होतं.

सासऱ्यांना चौकशीच्या खोलीत बसवलं. हक्क समजावून सांगितले, वकील हवा का विचारलं. त्यांनी हाताने झटकून टाकलं.

"अंकल, भरताना चूक झाली असेल?"

"माझ्याकडून? बाय, केसाच्या जाडीचं काम केलंय मी. फोरमन माझ्या कामाला माप लावत नव्हता."

"मग मुद्दाम केलंत?"

"वेडी की काय तू? त्याच्या खांद्याला धक्का बसू नये म्हणून कमी दारूचा हलका बार भरला होता. नवशिका आहे तो. बंदूक झाडूसारखी धरतो."

"मग एक तर चूक, नाही तर गुन्हा. तिसरं काय आहे?"

त्यांनी हाताची घडी घातली. "काय लिहायचं ते लिही. चूक मात्र लिहू नको."

इतक्या वर्षांत बचावासाठी खोटं बोलणारे ढिगाने पाहिले. निष्काळजी ठरण्यापेक्षा खुनी ठरलेलं चालेल म्हणणारा हा पहिलाच. मुलीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. सरकारी वकील आरोपपत्राची वाट पाहत होते. आणि हा माणूस कामगार म्हणून आपली अब्रू सांभाळत बसला होता.

"भरत असताना कोणी खाली आलं होतं?"

"कोणी नाही."

"मध्ये उठलात?"

"नाही. दोनदा काय विचारते?"

झडतीच्या वॉरंटवर सार्जंट आणि मी अंकलना घेऊन त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो. टेबल अरुंद, पण ऑपरेशन थिएटरसारखं स्वच्छ. भोकं पाडलेल्या लांबट लाकडी ठोकळ्यात नळ्या उभ्या करून ते डाव्या टोकाकडून भरत जात. मी म्हटलं, त्या दिवशी केलंत तसंच करून दाखवा. दारूऐवजी स्वयंपाकघरातून रवा मागवला.

"आता रव्याचे बार उडवणार का?" अंकल कुरकुरले, पण हात चालू झाला. खरंच सुंदर हात होता.

वर जाऊन मी त्यांच्या बायकोला, आंटींना, विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय करत होता?"

"मी काय करणार? चहा दिला."

"कुठे?"

"खाली. त्यांना टेबलावरच लागतो."

"मग आत्ताही द्या. तसाच."

आंटी कप घेऊन उतरल्या. "घ्या, निवतो," म्हणाल्या, आणि कपाला जागा करायला एका हाताने ठोकळा सरकवला. सरकवताना तो अर्धा गोल फिरला, डावं टोक उजवीकडे गेलं. अंकल खुर्ची वळवून चहा प्यायले, "साखर कमी आहे," म्हणाले, आणि वळून पुन्हा भरू लागले. डावीकडचं झालंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

शेवटची नळी भरली तेव्हा मी टॉर्च पुढे केला. "आता प्रत्येकीत बघा."

त्यांनी वाकून पाहिलं. डावीकडच्या नळ्या कोरड्या होत्या. उजवीकडच्या दुप्पट भरल्या होत्या. बार हलका असल्यामुळे दोन मापं दारूही नळीत मावत होती, बाहेर सांडून काही कळायचा प्रश्नच नव्हता.

"अहो, ठोकळा मीच फिरवला," आंटी भिंतीला टेकल्या. "देवा, मीच केलं."

"तू गप," अंकल म्हणाले. टॉर्च त्यांनी विझवला नव्हता. "ठोकळा कुणीही फिरवेल. आत न बघता वर गोळी मी बसवली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही, बाय. चूक."

खुनाच्या प्रयत्नाचा आरोप बारगळला. निष्काळजीपणाबद्दल दंड झाला, बंदुका जप्त राहिल्या. हॉस्पिटलमध्ये मुलीसमोर त्यांनी जावयाला तेच एका शब्दात सांगितलं. पट्ट्यांतून जावई म्हणाला, "पप्पा, ओटावाला याल तेव्हा चहा आधी पिऊन घ्या." मुलगी हसता हसता रडायला लागली.

पुढे त्यांनी स्वतःहून शिकारी क्लबात नियम सांगायला सुरुवात केली. ठोकळ्याचा एक कोपरा लाल रंगवा. मध्ये थांबलात तर सगळं ओतून पहिल्यापासून भरा. टॉर्च मारल्याशिवाय गोळी बसवू नका.

मी शिकले ते वेगळं. "कोणी आलं होतं का?" या प्रश्नाचं उत्तर देताना माणसं घरच्यांना मोजत नाहीत. चहा देणारी बायको त्यांच्या लेखी कोणी नसते. त्यानंतर नोकरीभर मी वेगळं विचारत आले: चहा कुणी आणून दिला? फोन कुणी उचलला? दार कुणी उघडलं?

आता निवृत्त आहे. नवरा माळ्यावर विजेचं काही काम करत असला की मी खालून हाक मारत नाही. चहा निवला तर पुन्हा करता येतो.