बक्षिसातली भिंत

मारधाडीच्या आणि धाडसाच्या सिनेमांना मुंबईत दरवर्षी एक बक्षीस देतात. सोनेरी मूठ असते. तो कार्यक्रम टीव्हीवर दाखवतात, मध्ये नाचगाणी घालून लांबवतात. मी चौथी शिकलेली बाई, सिनेमातलं मला काही कळत नाही. पण एका वर्षी ती मूठ आमच्या घराच्या भिंतीवर मिळाली, म्हणून लिहिते.

भूकंपात आमचं माळवद बसलं. खाली माझा नवरा गेला, दीर गेला, आणि माझ्या धाकट्या जावेची एकुलती पोरगी गेली. जाऊ आणि मी गणपती बोळवून आल्यावर अंगणातच आडव्या झालो होतो, म्हणून वाचलो. दगडमातीचं सगळं घर पडलं आणि एक भिंत उभी राहिली. पोरगी जिच्या कडेला झोपायची, तीच. त्या भिंतीत कोनाडा होता, पोरगी त्यात पाटीवरच्या पेन्सिली ठेवायची. लोक म्हणायचे, देवाची करणी. देवाला एवढीच करणी सुचली.

पुढे नवं गाव वसलं. रांगेत घरं, सगळी एकासारखी एक. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या, तिकडे कोणी फिरकेना. जाऊ मात्र दर साली अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जायची आणि त्या कोनाड्यात दिवा लावून यायची. पोरीचा फोटो कधी काढलेला नव्हता. तिची म्हणून तेवढी भिंतच होती. मी एकदा तिच्याबरोबर गेले, पुन्हा गेले नाही. दगडांपुढं बसून माणूस परत येत नाही.

काही वर्षांनी शूटिंगवाले आले. त्यांना पडलेलं गाव पाहिजे होतं, ते आमच्याकडे तयारच होतं. त्यांचा मॅनेजर बायका गोळा करत दारोदार फिरला.

"मावशी, हिरो गावात येतो तेव्हा तुम्ही रडायचं. जमेल ना?"

"आमाला तेवढंच जमतंय," मी म्हटलं. "पर मी रडनार न्हाई."

जाऊ म्हणाली, "मी रडते. पर आमच्या भितीला हात लावायचा न्हाई."

तिनं त्याला नेऊन भिंत दाखवली. त्यानं भिंतीवर तळवा ठेवून सांगितलं, "हिला कोण हात लावतंय? शब्द दिला, मावशी."

एवढ्यावर ती रडायला बसली. मी लक्ष ठेवायला गेले.

आमच्यात नुसतं रडत नाहीत. गेलेल्याला हाक मारून, त्याचं एकेक सांगत, हेल काढून रडतात. बाकीच्या बायका पदराआड हसत होत्या. जाऊ मात्र खरीच रडली. "माज्या बाये, पेन्सिली तशाच ठिवून गेलीस गं," असं सुरू झालं ते थांबेना. शूटिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई तिला म्हणाली, "तवा बी एवढी रडली न्हवतीस की गं." खरंच होतं. तेव्हा सरणाला लाकडं मिळेनात, रडायला कोणाला सवड होती?

मॅनेजर म्हणाला, अजून एकदा. बायका पुन्हा बसल्या. या खेपेला बाभळीमागून जीप आली ती थेट भिंतीवर. सकाळीच त्यांनी भिंतीचा पाया मागून कोरून ठेवला होता, ते नंतर कळलं. भिंत अख्खी आडवी झाली, धुराळ्यातून हिरोनं उडी मारली. जाऊ किंचाळत धावली आणि कॅमेरा तिच्या तोंडावर होता.

"आधी सांगितलं असतं तर अशी किंकाळी आली नसती, मावशी," मॅनेजर म्हणाला. "आणि भूकंपातली भिंत, आज ना उद्या पडणारच होती."

"भूकंपानं सोडली ती तू पाडलीस," मी म्हटलं. अजून एक बोलले, ते इथं लिहीत नाही. तो हसला.

त्याच साली आम्ही दोघी लातूरला आलो आणि क्लासच्या पोरांसाठी मेस घातली. मेसमध्ये टीव्ही नसला तर पोरं शेजारच्या मेसला जात, म्हणून टीव्ही ठेवला होता. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी पोरं जेवत होती आणि त्या बक्षिसाचा कार्यक्रम लागला. एकदम आमचं गावठाण दिसलं. बायका, जावेचं तोंड, भिंत, जीप. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जाऊ पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "ते आमचं घर हाय."

नांदेडचा एक पोरगा वरण घेता घेता म्हणाला, "काय बोलायलात, मावशी. सेट असतंय ते. थर्माकोलचं."

"मग ती रडनारी कोन? ही बघ की."

त्यानं जावेकडं पाहिलं, तोवर टीव्हीवरचं गेलं होतं. "असतंय एकेकाचं तोंड सारखं," म्हणाला.

मग त्या सिनेमाचा डायरेक्टर स्टेजवर आला. मूठ कपाळाला लावून म्हणाला, हे अख्खं गाव माझ्या माणसांनी मोकळ्या माळावर उभं केलं, भिंतसुद्धा.

"बघा, म्हनलं न्हाई का?" पोरगा म्हणाला. पुढे तो डॉक्टर झाला म्हणतात. मी मरत असले तरी त्याच्याकडं जाणार नाही.

मी टीव्ही बंद करायला उठले. जाऊ म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, अक्का. परत दाखवतील का?"

पुढच्या साली परत दाखवलं. कार्यक्रमात मागच्या बक्षिसांचे तुकडे दाखवायची त्यांची पद्धत होती. मग दर साली जाऊ भाकरी आवरून पहिल्यापासून टीव्हीपुढं बसायची. नाच बघायची, हिरोंची भाषणं ऐकायची. कधीतरी तो तुकडा यायचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत भिंत उभी, कोनाड्यासकट. मग जीप.

"पडताना कशाला बघतीस?" मी एकदा विचारलं.

"पडायच्या आदी उभी असती की, अक्का."

पुढे नवी बक्षिसं वाढली, जुनी दाखवणं त्यांनी सोडलं. त्या साली ती शेवटपर्यंत बसली. मी म्हटलं, "आता न्हाई दाखवत ते. ऊठ."

उठता उठता म्हणाली, "बरं झालं. आता पडत तरी न्हाई."

मला ते पटलं नाही. भिंत पडली ती पडलीच. आणि ती मूठ त्या डायरेक्टरच्या घरात कपाटावर उभी असणार.